फोनवर जुळवलेलं मिश्रण

ज्या घरापर्यंत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते, त्या घरात माझ्या नवऱ्यानं मोटार आणली. साधीसुधी नव्हे, टर्बोवाली. ब्रह्मा घाटाच्या मागच्या गल्लीत समोरून गाय आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढून तिला वाट द्यायची, अशी तिथली वाहतूक. ही लाल जपानी गाडी सिंगापूरहून जहाजानं कलकत्त्याला आली, तिथून रस्त्यानं बनारसला, आणि शेवटी मैदागिनजवळ एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात सळयांच्या शेजारी भाड्यानं राहिली. घरापासून तिच्यापर्यंत चालत जायचं म्हणजे घाम निघायचा. सासूबाई म्हणायच्या, "गाडी आली, पण दरवाज्यापर्यंत तर आलीच नाही. मग काय कामाची?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण त्या गाडीचा उपयोग मला झाला, आणि तो कसा झाला ते सांगायला मी बसले आहे.

मी मूळची सांगलीची. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत लग्न होऊन काशीत आले. सासरची माणसं मराठीच, पण कितीतरी पिढ्या तिथं राहिलेली. सासरे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, सासूबाईंचं माहेर चार गल्ल्या पलीकडे, बालाजी घाटाकडे. घरात मराठी बोलायचे, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. मी "काय करायलाय?" म्हटलं की शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावायच्या आणि पोरांना बोलावून मला तेच परत म्हणायला लावायच्या. कुणी वाईट नव्हतं. पण दिवसभरात आपण बोललेलं एकही वाक्य कुणी हसल्याशिवाय ऐकलं नाही, असे दिवस काढून बघावेत म्हणजे कळेल.

नवरा जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत इंजिनिअर होता, सिंगापूरला. आईवडील थकले म्हणून "कायमचा" परत आला, येताना ही गाडी घेऊन आला, आणि आल्यावर चार महिन्यांत आमचं लग्न झालं. तेव्हा मी त्याला अहो म्हणायचे. आता लिहिताना "तो" असंच येतंय. येऊ दे.

टर्बो म्हणजे काय ते त्यानं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं. इतर नवरे पहिल्या आठवड्यात काय समजावतात मला ठाऊक नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक लहानशी पंखी फिरवायची आणि तिच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या मापात जास्त द्यायला हवं. दिलं तर गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. पेट्रोल कमी पडलं तर आतलं मिश्रण वेळ व्हायच्या आधी आपल्याच मनानं पेटतं, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तो ऐकूनही पाय दाबलेलाच ठेवला, तर पिस्टनला भोक. उलट पेट्रोल जास्त झालं तर इंजिन मरत नाही, पण काळा धूर ओकत, खोकत चालतं.

ही मापं खरं तर गाडी स्वतःच सांभाळते. आमची सांभाळत नव्हती, कारण बनारसच्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं, आणि पुष्कळदा रॉकेलही. धूर हुंगून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगणारा जो सेन्सर असतो, तो शिशानं पहिल्या दोन महिन्यांतच गेला. मग त्यानं हातानं मिश्रण जुळवायला घेतलं. हवा मोजणारी ॲल्युमिनियमची एक पेटी असते. तिचं काळं झाकण उचकटलं की आत एक दातेरी चाक आणि त्याला स्प्रिंग. चाक एक दात सैल केलं की पेट्रोल थोडं वाढतं, एक दात घट्ट केलं की कमी होतं. एवढंच. बरोबर झालं का हे कळायचा मार्ग म्हणजे स्पार्क प्लग. गाडी पूर्ण जोरात असताना मधेच इंजिन बंद करायचं, क्लच दाबून घरंगळत कडेला यायचं, आणि गरम प्लग फडक्यात धरून काढायचा. प्लगचं टोक पांढरंफटक असलं तर पेट्रोल कमी, काजळी धरलेलं असलं तर जास्त, आणि बदामी असलं तर अगदी हवं तसं.

राजघाटचा पूल ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर आम्ही हे करायचो. भल्या सकाळी, ट्रकांची गर्दी व्हायच्या आत. आधी मी नुसती फडकं धरून बसायचे. मग त्यानं मला चालवायला शिकवलं, कारण एकानं चालवायचं आणि एकानं आवाज ऐकायचा असं बरं पडतं. मी काही बोलायला गेले की म्हणायचा, तुला काय वाटतं ते सांगू नकोस, काय दिसतं ते सांग. चारचौघांत हा माणूस मुका. घरात आईनं भाजी कशी झाली विचारलं तरी मान हलवायचा. पण त्या रस्त्यावर, बॉनेट उघडं टाकून, तो बोलायचा, हसायचा, माझ्या हाताला लागलेलं ग्रीस स्वतःच्या शर्टाला पुसायचा. मला वाटलं, हा असाच आहे, घरात लाजतो एवढंच. नव्या नवरीला काय काय वाटतं, त्याला काही सुमार नाही.

दीडेक वर्षात तो कंटाळला. बनारसमध्ये त्याच्या कामाला साजेसं काम नव्हतं. ज्या कारखान्यात लागला होता तिथं त्याचं पटेना. जुन्या गोदीतून बोलावणं आलं आणि तो सहा महिन्यांसाठी गेला. सहा महिने हे त्याचे शब्द. जाताना आईच्या पाया पडला, वडिलांच्या पडला, आणि मला म्हणाला, गाडी आठवड्यातून एकदा तरी चालव, उभी राहिली तर बिघडेल.

मी मात्र उभी राहिले तरी चालणार होतं.

घरी फोन नव्हता. अर्ज करून वर्षं लोटली तरी नंबर लागत नव्हता. गोदामाच्या समोरच एक एसटीडी-आयएसडीचं दुकान होतं. काचेची एक खोकेवजा खोली, आत स्टूल, पंखा आणि लाल फोन. तिथल्या भय्यांशी ठरलं की दर रविवारी सकाळी नऊला सिंगापूरहून फोन येईल, मी येऊन बसेन, आणि येणाऱ्या फोनचे ते थोडे पैसे घेतील. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, त्यांना तिथवर चालवत नव्हतं. सासूबाई एकदा आल्या, पण मुलाचा आवाज ऐकताच त्यांना असं भरून आलं की सगळा वेळ हुंदक्यातच गेला. मग त्या घरूनच निरोप द्यायच्या: त्याला सांग, दूध पीत जा. त्याला सांग, अमक्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मी ते निरोप द्यायचे, तो "बरं" म्हणायचा.

पहिले काही रविवार कसे गेले ते आठवलं की अजून राग येतो. कशी आहेस? बरी आहे. आई? बऱ्या आहेत. बाबांचे गुडघे? तसेच. मग तारेवरची सळसळ. त्या काचेच्या खोलीत मी मराठीत काहीही बोलू शकत होते. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या एकालाही ओ की ठो कळलं नसतं. जगातली इतकी निवांत जागा नवराबायकोला मिळाली नसेल, आणि आम्ही गुडघ्यांवर बोलत होतो. मग तो विचारायचा, "गाडी चालू केलीस?" मी केली म्हटलं की संपलं. घरी परत येताना चौकातून, मुद्दाम गर्दीच्या रस्त्यानं यायचे, कुणाचा तरी धक्का लागावा म्हणून. एवढी एकटी होते मी. हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

डिसेंबरात धुकं पडलं, थंडी कडाक्याची. एका रविवारी सकाळी पुलाच्या अलीकडच्या चढावर मी पाय दाबला आणि बॉनेटमधून खडखड खडे वाजले. पाय काढून घेतला, तसंच हळूहळू परत आणली आणि नऊचा फोन आल्यावर "कशी आहेस"ला उत्तर न देता सांगितलं, गाडी वाजतेय.

आणि पलीकडे माणूस जागा झाला. कुठल्या गिअरमध्ये? पंखीचा दाब भरल्यावर की आधी? बाहेर धुकं होतं का? मी एकेक सांगत गेले. तो म्हणाला, थंड हवा घट्ट असते, म्हणून पंखी आता जास्त हवा कोंबतेय, आणि मी मे महिन्याच्या गरम हवेत मिश्रण लावलं होतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडतंय. मग त्यानं विचारलं, फोनची वायर किती लांब आहे? वायर दारापर्यंत येत होती. भय्यांना विचारून मी गाडी गोदामातून काढली, दुकानाच्या अगदी पायरीला लावली, बॉनेट उघडलं, आणि रिसीव्हर हात लांबवून इंजिनाकडे धरला. रांगेतली माणसं बघत राहिली. सिंगापूरला बसलेला माझा नवरा, बनारसच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीचा आवाज, माझ्या हातातून ऐकत होता. मी रिसीव्हर कानाला लावला तेव्हा तो म्हणाला, "एक हवेचा पाइपही फुसफुसतोय. ऐकलास तू?" त्याच्या आवाजात हसू होतं. वर्षभरात ऐकलं नव्हतं तसं.

तो फोन इतका लांबला की भय्यांनी काचेवर टकटक केली.

तेव्हापासून आम्ही मिश्रण फोनवर जुळवायला लागलो. आठवड्यात मी त्यानं सांगितलेलं करायचे: पाइपाला नवी पट्टी आवळायची, झाकण उचकटायचं, चाक एक दात सैल करायचं, पुलापलीकडे जाऊन जोरात पळवायची, इंजिन बंद करून कडेला घ्यायची, प्लग काढायचा. सलवार-कमीज घालून बॉनेटमध्ये डोकं घातलेली बाई त्या रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. एका ट्रकवाल्यानं थांबून मदत हवी का विचारलं, मी प्लगचा पाना दाखवल्यावर हात जोडून निघून गेला. घरी हात लिंबानं घासून यायचे, तरी नखांत काळं राहायचं. सासूबाई बघायच्या आणि नाक मुरडायच्या. एकदा म्हणाल्या, "हे मर्दांचं काम तुला कशाला करवतोय तो? मिस्त्री नाहीत काय बनारसमध्ये?" त्यांना काय सांगणार. मिस्त्रीकडे दिली असती तर रविवारी बोलायला काय राहिलं असतं?

इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवलं तर हा खड्यांचा आवाज येत नाही. तो ओझ्याखालीच येतो. पाय दाबून, चढावर, पंखीचा दाब भरल्यावर. म्हणजे तो आवाज त्याला फोनवर ऐकू येणं शक्य नव्हतं. त्या बाबतीत मी सांगेन तेच खरं, आणि तो माझ्या कानांवर विसंबायचा. "आज वाजली?" असं विचारून तो श्वास धरून थांबायचा. माझ्या उत्तरासाठी कुणी असं थांबतंय, हे सुख त्या घरात मला दुसरीकडे कुठं नव्हतं. पुन्हा सांगते, मी त्याची बायको होते, आणि हे सुख मला इंजिनाच्या आवाजामुळे मिळत होतं.

होळीच्या आसपास एका सकाळी प्लग काढला आणि तो बदामी निघाला. चारही बदामी. गाडी चढावर स्वच्छ ओढत होती, एक खडा नाही. मी आनंदानं रस्त्यावरच टाळी वाजवली. रविवारी सांगितलं तर तो मनापासून म्हणाला, "शाब्बास. मलाही इतकं नेमकं जमलं नव्हतं." मी फुगले. पुढचा रविवार: कशी आहेस? बरी आहे. गाडी? छान. आई? बऱ्या आहेत. सळसळ. त्याच्या पुढचा रविवारही तसाच. एका रविवारी तर भय्यांनी मिनिटं मोजायचं यंत्र लावायच्या आत फोन संपला.

सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. मी विचारलं की म्हणायचा, बघू, काम अडकलंय. मी काकुळतीला येऊन विचारत नव्हते. माझा स्वभावच तसा नाही. पण मला तो परत यायला हवा होता. त्या दिवसांत मला दुसरं काहीही नको होतं.

एप्रिलमध्ये उन्हं तापली, आणि मी खोटं बोलले. म्हणाले, परत वाजायला लागली.

ते खोटं अगदी पटण्यासारखं होतं. गरम हवेतही इंजिन वाजू शकतं, हे त्यानंच मला शिकवलेलं. तो लगेच सरसावून बसला. खुर्ची सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. पाण्याचं विचारलं, पंख्याचं विचारलं, रॉकेलच्या भेसळीचं विचारलं. शेवटी म्हणाला, एक दात सैल कर आणि बघ. मी हो म्हटलं आणि झाकणाला हातही लावला नाही. नीट जुळलेलं मिश्रण मी कशाला बिघडवू? ती माझी मेहनत होती. पुढच्या रविवारी म्हणाले, थोडा फरक आहे, पण वाजतेच. आणखी एक दात, तो म्हणाला. असं चाललं. फोन परत लांबले. भय्या परत काचेवर टकटक करायला लागले. मला याबद्दल तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माझा हिशेब सरळ होता: फोनवर बरी होत नाही म्हटल्यावर हा माणूस गाडीसाठी तरी येईल. माझ्यासाठी नाही तर नाही, गाडीसाठी. मला तेही चाललं असतं.

मे संपत आला होता. लू सुटायची, नऊ वाजताच काचेच्या खोलीत बसवत नसे. त्या रविवारी मी ठरवूनच गेले होते. म्हणाले, "हे आता माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हीच या आणि बघा."

मग त्यानं अगदी सवयीनं विचारलं, "शेवटचा प्लग काढलास त्याचा रंग काय होता?"

आणि मी अगदी सवयीनं सांगितलं, "बदामी."

काय वाटतं ते नाही, काय दिसतं ते. माझ्या हाडात मुरलं होतं ते. तोंडातून शब्द गेला आणि तेव्हाच मला कळलं की सगळं संपलं. एप्रिलपासून त्याच्या सांगण्याप्रमाणे मी जितके दात सैल केले असते, तितक्या पेट्रोलनं प्लग काजळीनं भरून काळाकुट्ट झाला असता. गाडी धूर ओकत चौकापर्यंतही गेली नसती. बदामी प्लगचा अर्थ एकच होता, आणि त्या अर्थाला माझ्या नवऱ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

"चारही?" त्यानं विचारलं.

"चारही."

"मग मिश्रण बरोबर आहे," तो म्हणाला. "कधीपासून बरोबर आहे?"

मी म्हटलं, होळीपासून.

मला वाटलं तो चिडेल. चिडावं असंच वाटत होतं. चिडला असता तर मीही चिडले असते, आणि मग आमचं काहीतरी बोलणं झालं असतं. पण तो चिडला नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला की त्यालाही मला एक सांगायचं आहे. गोदीशी त्यानं पाच वर्षांचा करार केला होता. सही झाली त्याला बरेच दिवस झाले, होळीच्याही आधीची गोष्ट. दर रविवारी सांगायचं ठरवायचा.

"पण तू गाडीचं काढायचीस," तो म्हणाला, "मग बरं वाटायचं. सांगणं राहून जायचं."

म्हणजे मी त्याला बोलावून घ्यायला ज्या गाडीचा आडोसा घेतला, त्याच गाडीच्या आड तोही लपत होता. मी त्याच्यासाठी खोटं रचत होते, तेव्हा तो करार करून बसला होता आणि मला दात सैल करायला सांगत होता. मी विचारलं, "आणि माझं काय?"

तो म्हणाला, तू इकडे आलीस तर आईबाबांकडे कोण बघणार? ते इकडे यायचे नाहीत, त्यांना काशीतच मरायचंय. पाच वर्षं काय, बघता बघता जातील. वर्षाआड एक चक्कर मारेन. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, गाडी आता कशाला ठेवायची, कुणी घेत असेल तर देऊन टाक.

तेव्हा मी ते बोलले, जे त्या काचेच्या खोलीत पहिल्याच रविवारी बोलायला हवं होतं. "मला इथं फार एकटं वाटतं हो. रोज वाटतं. सकाळी उठल्यापासून."

पंख्याखाली मी घामानं भिजले होते. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. तो श्वास घेत होता ते मला ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "पावसाळ्याच्या आधी काढून टाक. उभी राहिली की पाइपांना गंज चढतो."

फोन मी ठेवला. त्याआधी कधी मी आधी ठेवला नव्हता.

घरी जायचं म्हणजे सासूबाई दारातच "काय म्हणाला?" विचारणार. मी घरी गेले नाही. गाडी काढली आणि राजघाटकडे निघाले. काय करायचं होतं मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मनात आलं होतं की आता पाय दाबून ठेवावा आणि काय फुटायचं ते फुटू द्यावं. पूल ओलांडला, रस्ता मोकळा लागला, उन्हात डांबर चकाकत होतं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. पंखीचा दाब भरला, पाठ सीटला चिकटली. दाबूनच ठेवला. एक खडा वाजला नाही. भर उन्हाळ्यात, भेसळीच्या पेट्रोलवर, आवाज असा स्वच्छ की ऐकत राहावं. माझ्या हातानं जुळवलेलं होतं, फुटणार कसं?

बऱ्याच अंतरानं माझ्या ध्यानात आलं की मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतेय. तिसरा गिअर, चढ नाही, हवा खूप गरम, दाब भरल्यावर आवाज स्वच्छ, धूर नाही. एकेक गोष्ट नीट क्रमानं, विसरू नये म्हणून परत परत. मी पुढच्या रविवारचं पाठ करत होते.